एकशे अठरा मीटर

नकाशा मिळाला तो एकाहत्तर सालचा,
निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, घडीघडीवर फाटलेला.
त्यात विहीर आहे, ती आता बुजवलीय.
त्यात संगणक कक्ष नाही, तो आता आहे,
आणि कुलूपबंद आहे.
मुकादमबाईंनी चार कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवले,
म्हणाल्या, बेचाळीस खोल्या. सगळ्यांत पोचलं पाहिजे.
आणि निधी एकतीस मार्चला परत जातो.

मी फीत उलगडत निघाले.
दुसरं टोक कोयंडेमामांच्या हातात,
खाकी टोपी, चपला बाहेर काढून,
जणू भिंती मोजायच्या म्हणजे देवळातच जायचं.

तांब्याच्या तारेचं एक आहे,
शंभर मीटरपर्यंत सांगितलेलं नीट सांगते,
पुढे अडखळते, निम्मं गिळते.
ऑफिसपासून सातवी ब,
जिन्याचा चढ धरून, छताखालचा वळसा धरून:
एकशे अठरा.
पुन्हा मोजलं. एकशे अठरा.
तिसऱ्यांदा मामांनी फीत इतकी ताणली
की आकडा लाजून सतरा झाला.

बिनतारी करू म्हटलं, तर हा जांभा.
दीड हात जाडीचा चिरा, वर चुन्याचे सात थर.
व्हरांड्यात फोनवर चार रेघा,
उंबरा ओलांडला की एक,
फळ्याशी गेलं की तीही नाही.
समोर देवगडची खाडी, वारा भरून मीठ आणतो;
जुन्या संगणकांच्या पिना हिरव्या पडल्यात
तांब्याच्या ताम्हनासारख्या.
मी वहीत लिहिलं: बंद पेट्या. रबरी झाकणं. मीठ आत येता कामा नये.
पान उलटून लिहिलं:
विजेपासून बचाव, आठ फूट खड्डा,
कोळसा, आणि मीठ दोन पोती.
मामांनी ते वाचलं.
"म्हंजे मीठ इकत आणूचा?" म्हणाले,
आणि खाडीकडे बघून बराच वेळ हसत राहिले.

मग दुपारच्या सुट्टीत,
मी फुल्या मारत बसले होते तेव्हा,
त्यांनी वहीत डोकावून बोट ठेवलं.
"हय, हय, आणि वाचनालयाच्या पाठल्या काळोखीत.
थयसर घंटापण पोचणा नाय."
त्याच तीन खोल्या.
माझ्या हातात दोन दिवसांचं मोजमाप, एक यंत्र, त्याची बॅटरी संपत आलेली.
"मग त्या वर्गांना सुटी कशी कळते?"
"मी जातंय मां.
घंटा वाजवतंय, मगे चलत जातंय,
दारात उभो रवतंय. बाई समाजतत."
यकतीस वर्सा, म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, कोपऱ्यावरून चहा आणतो.

मी म्हटलं, एकदा करून दाखवा.
सातवी बच्या खिडकीत उभी राहिले.
ऐकू आली तर हात वर करायचा, असं ठरलं.
दूर खाली त्यांचा हात हलताना दिसला,
टोल मात्र आला नाही.
आधी वारा आला, मग आंब्याच्या पेट्या ठोकल्याचा आवाज,
मग बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं,
मध्ये एकदा थांबलेली.

कुठे थांबता?
मधल्या जिन्याच्या वळणावर, खुंटीपाशी.
टोपी अडकवतात, श्वास घेतात, पुढे निघतात.
मी फीत लावली.
ऑफिसपासून खुंटी चौसष्ट.
खुंटीपासून सातवी ब चोपन्न.
उरलेल्या दोन खोल्या त्याहून जवळ.
कोरडी भिंत, सावली, वर वायरीला जागा,
माझ्या पुस्तकात लिहिलेलं सगळं तिथे होतं,
खुंटीसकट.

संध्याकाळी बाईंसमोर आराखडा ठेवला.
मुख्य पेटी: ऑफिस.
दुसरी पेटी: मधला जिना, वळणावर, जमिनीपासून सात फूट.
त्यांनी विचारलं, पाच फुटांवर का नाही?
दुरुस्तीला सोपं पडलं असतं.
पाच फुटांवर टोपी आहे, मी म्हटलं.
बाईंनी चष्मा काढला, पुसला,
आणि सही केली.

बाहेर मामा फीत गुंडाळत होते,
एकेक मीटर ओल्या फडक्याने पुसत,
मीठ राहू नये म्हणून.