फॅमिली रूम

कन्ना चौकाच्या अलीकडे, रिळांच्या दुकानाला लागून
गुरुसिद्धप्पांची खानावळ. पाटीवर दोनच ओळी:
शुद्ध शाकाहारी. फॅमिली रूमची सोय.
मी जाते दुपारी दीडला, एकटी.
पहिल्याच दिवशी गल्ल्यावरून हात हलला,
"बर्री मॅडम, आत बसा,"
आणि हिरव्या पडद्यामागे, चार खुर्च्यांत,
मी झाले फॅमिली.

पडद्याखाली वीतभर फट.
तिच्यातून मावेल तेवढं सोलापूर मी रोज बघायची:
सुताची पिंजर चिकटलेले पायजमे,
भेगाळ टाचा, झिजलेल्या सपाता,
एकच पॉलिशचा बूट, औषध कंपनीचा असणार,
आणि राजमल्लूच्या निळ्या रबरी चपला,
डावीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला.

वरून नुसते आवाज.
कानडीत उधारी, तेलुगूत भांडण, मराठीत ऊन.
"बेचाळीस म्हणे आज."
"मागच्या साली पंचेचाळीस होतं की बे, मेलास का?"
कडक भाकरी मोडायची कड्कन,
ती कुठल्या भाषेत मोडली ते कळायचं नाही.

मी मागायची शेंगा. यायचं वांगं.
दह्यावर साखर म्हणावं तर
पडद्यातून एक हात आत यायचा, हातात भाकर.
"अहो, साखर!"
"आणतो!" जोरात, वसकन ओरडल्यासारखं,
आणि आणखी एक भाकर.
तीन आठवडे मी त्याला उद्धट समजले.

आता माझा धंदा ऐका.
सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
काचेच्या पेटीत बसवून माणसांचे कान तपासणं.
बारीक शिट्टी, मग त्याहून बारीक.
"ऐकू आलं की बोट वर करा."
निम्मे पेशंट मागावरचे.
तीस-तीस वर्षं खटाक खटाक,
कानातून आधी श जातो, मग स, मग च.
शब्दांचे दात पडतात, हिरड्या उरतात.
मग माणूस ओठ वाचायला लागतो,
कुणी न शिकवता, माग चालू असतानाच.

हे मला पाठ आहे.
मी ते रोज फॉर्मवर लिहिते, खाली सही करते.
आणि पडद्यामागे बसून
निमूट भाकरीवर भाकरी खात होते.

गुरुवारी ताट उचललं आणि बाहेर आले.
पंख्याखालच्या बाकावर जागा होती.
सगळ्यांचा एक घास तोंडात थांबला.
कुणी पाय आवरले, कुणी आवाज.
गुरुसिद्धप्पांची नोटांची मोजदाद चुकली,
ते पुन्हा पहिल्यापासून, थुंकी लावून.

राजमल्लू समोर आला. त्याला चेहरा होता!
पांढऱ्या भुवया, कानावर बिडी.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
बाईकडे बघतात तसं नाही,
एसटीची पाटी बघतात तसं.
"शेंगाचटणी. दह्यावर साखर."
"शेंगाचटणी! दह्यावर साखर!"
त्यानं अख्ख्या चौकाला कळवलं.
आणि आली. दोन्ही. तेलाचा ओघळ सुटलेली चटणी,
अन् दह्यावर साखर, अजून न विरघळलेली.

निघताना मी माझं कार्ड पुढे केलं.
"या एकदा. तपासते. पैसे नकोत."
त्यानं ते वाचलं, उलटं केलं,
मागची बाजू कोरी बघून खुश झाला
आणि तिच्यावर माझं बिल मांडलं.
"ऐकू येऊन काय करू मॅडम?
सगळे हेच तर मागतात."

बेरजेत एक भाकर वजा होती.
कुठल्या दिवसाची, ते मी विचारलं नाही.
मागे हिरव्या पडद्याआड कुणीतरी
केव्हापासून चहा, चहा म्हणत होतं.
मी राजमल्लूच्या खांद्याला हात लावला
आणि बोटानं पडदा दाखवला.