नमुना एकतीस

बोल्टन. नोव्हेंबर. इस्पितळाचं तळघर.
हाडाचं एन्झाइम रक्तात मोजणारं
नवं किट आलं आहे.
विकणारा म्हणाला, अगदी अचूक.
मी म्हटलं, बघू.

वीस दिवस, सकाळी एकदा, दुपारी एकदा,
एकाच सीरमला एकच प्रश्न विचारला.
चौदा पॉइंट दोन. चौदा पॉइंट सहा. तेरा पॉइंट नऊ.
खोटं बोलणारा पाठ केलेलं उत्तर देतो;
हे थोडं थोडं चुकत होतं,
म्हणून विश्वास बसू लागला.

मग मुद्दाम यकृताचं एन्झाइम मिसळलं.
सख्खी बहीण ती, चेहरेपट्टी तीच,
अंगावरची साखर तेवढी वेगळी.
शंभरातल्या बाराजणींना किटनं ओळख न विचारता आत घेतलं.
वहीत लिहिलं, लाल शाईनं.
गोठवलं, वितळवलं, पुन्हा गोठवलं.
पातळ केलं: निम्मं, पाव, अर्धपाव.
आकडे जिना उतरल्यासारखे उतरले.
ग्लेनिस म्हणाली, "डोरीन, तू हाडाची संशयी."

उरलं निरोगी माणसांचं रक्त.
कँटीनमधली विनिफ्रेड, दोन हमाल, हिशेबनीस, आम्ही.
चाळीस नळ्या. नावं नाहीत, क्रमांक.
एकोणचाळीस रांगेत उभे राहिले.
एकतीस नंबर बावन्नवर.

बुडबुडा असेल. पुन्हा केलं: एक्कावन्न.
दुसरा डबा फोडला: त्रेपन्न.
ती बहीण असेल!
यकृताच्या बाकी चाचण्या लावल्या. यकृत स्वच्छ.

यादी कपाटात होती.
मला काढावी लागली नाही.
एकतीसला बाही मीच वर केली होती.

नियम आहे, आकडा फारच दूर पडला तर वगळता येतो.
एक रेघ, आणि मर्यादा सुबक.
वीस दिवस मी या चाचणीला खोटं पाडायला बसले होते.
आज पहिल्यांदा मनापासून वाटलं, असावी खोटी,
तर शंका शिरायला फट नाही कुठे.
एकेक करून मीच बुजवलेली.

लिहिलं: "एकतीस. आकडा खरा.
व्यक्ती निरोगी गटातून कमी करावी."

वडील कापूसगिरणीत होते.
दर दोन वर्षांनी त्यांची टोपी घट्ट व्हायची
आणि ते दुकानदाराला शिव्या घालायचे,
कापड आटतं म्हणून.
आई मागची शिवण उसवून पट्टी जोडायची.

माझी लोकरीची टोपी
गेल्या हिवाळ्यापासून कपाळाला आवळते.
मी साबण बदलला होता.