पातं सरळच जातं

ठाकूरकाका, आधी खांदे सैल सोडा.
फळी अशी आवळू नका,
पळून जाणार नाही ती.

पातं बघा. सुतळीहून बारीक,
दात खालच्या अंगाला.
(मी पहिले आठ दिवस उलटं लावलं होतं.
फळी टुणकन उडायची
आणि मला वाटायचं, मशीनच खोडकर आहे.)
ताण द्या. आता बोटानं छेडा.
ढब्ब वाजलं तर सैल,
टिण्ण म्हणालं की बास.

कागद मीच चिकटवून ठेवलाय, फ्लेमिंगोचा.
सीवूड्सच्या तळ्यावर ते उतरायचे तेव्हा
ड्युटी संपवून तुम्ही काठाशी थांबायचात,
डबा तिथंच उघडायचात, म्हणालात ना परवा?
तर हा त्यांच्यातलाच एक,
आंब्याच्या पेटीच्या फळीवर.
एपीएमसीतून पन्नास रुपयांना चार पेट्या आणते मी,
खिळे उपटायचे, गवत झटकायचं.
सागवान अजून नको.
चुकायला स्वस्त लाकूड लागतं.

करा चालू.

अहं, ढकलू नका.
पातं तुमचं ऐकणार नाही,
त्याला वर माहीत आणि खाली माहीत,
वळण त्याच्या गावीच नाही.
वळायचं ते फळीनं.
मानेच्या बाकापाशी जागच्या जागी फिरवा तिला,
सावकाश.
सत्तावीस वर्षं तुम्ही
करावे गावच्या नाक्यावरून बस काढलीत,
एका अंगाला मासळीवाल्या, दुसऱ्या अंगाला
मधेच लावलेली रिक्षा,
आणि कुणाच्या टोपलीला कधी धक्का नाही.
हे तेच आहे.
फक्त इथं गाडी उभी राहते
आणि रस्ता फिरतो.

टक्क.

तुटलं? तुटू दे.
अख्खा पुडा आहे माझ्याकडे.
पहिल्या महिन्यात मी एकतीस मोडली,
मोजून बरणीत ठेवलीत, ती बघा, फ्रिजवर.
आमचे हे म्हणाले, लोणचं घालणारेस का?

आता पाय. इथं जपा.
लाकडाच्या रेषा उभ्या आहेत, पायही उभे,
जोडीनं गेले तर तगतात.
आडव्या रेषांवर काढले
तर नुसत्या फुंकरीनं मोडतात.
हे मला सांगायला कुणी नव्हतं.
माझ्या पहिल्या पक्ष्याचा पाय
पॉलिश पेपर फिरवताना हातात आला.
रात्री साडेअकराला ओट्याशी बसून रडले,
सेहेचाळीस वर्षांची बाई, एका काडीसाठी.
सकाळी पाहिलं तर हा आपला उभा खिडकीत,
एका पायावर,
जसे ते चिखलात उभे असतात तसाच.
आल्यागेल्यापैकी
कुणालाही आजवर शंका आलेली नाही.

किती वाजले? पावणेदोन?
थांबवूया. दोन ते चार मशीन बंद,
वरच्या बर्वेबाई झोपतात.
तसा करार आहे आमचा:
मी त्यांना देवघराची जाळी कापून दिली,
त्यांनी सोसायटीतला अर्ज मागे घेतला.
जाळीत एक कोयरी जरा वाकडी आहे.
तिच्यापुढंच त्या रोज फूल ठेवतात,
का ते मी विचारलेलं नाही.

चोच राहू द्या उद्यासाठी.
भुवयांवरचा भुसा झटका.
हो, रेघेबाहेर गेलंय, दिसतंय मला,
पोटाशी थोडं, मानेशी बरंच.
पण हा कागद सोलला ना
की रेघ कागदाबरोबर जाते
आणि पक्षी मागं उरतो.
त्याला कुठं ठाऊक
आपण कसे असायला हवे होतो.

आणि उद्या येताना
जवळचा चष्मा आणा.
आज लांबचा घालून बसलात,
मला मघाशीच दिसलं होतं.