धोंड्याचा तास

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, हडर्सफील्ड.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, गार झालेली कॉफी,
आणि गृहसंस्थेच्या सर्व्हरवर दोनशे चौदा कामं.
त्यातली एकोणचाळीस ॲक्रॉइडने रात्री दीडला लावून ठेवलेली.
‘दीडला कोण जागं असतं?’ म्हणायचा.
आता निवृत्त होऊन शर्यतीची कबुतरं पाळतो,
आणि दीडला मी जागी.

शेड्युलर म्हणजे तसं फार काही नाही.
डेटाबेसात एक तक्ता, प्रत्येक ओळीपुढे तिची वेळ,
आणि दर तीस सेकंदांनी डोकावून विचारणारं एक पोर,
पंगत बसली का, पंगत बसली का,
तसं: झाली का कुणाची वेळ?
मी तिसाचे साठ केले.
जरा दमानं, बाळा.

सर्व्हर दोन. एक धावतो,
दुसरा चौकोनात उकिडवा बसलेला.
पहिला कोसळला तरच ह्याला खो.
खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही,
हे शाळेच्या मैदानावर मला कधी जमलं नाही;
मशीनला मी ते एका ओळीत शिकवलं.

पण आजची रात्र वेगळी.
आज दोन वाजायच्या ऐवजी इथे पुन्हा एक वाजणार.
अकोल्याला ताईला सांगितलं, तर हसत सुटली,
‘तुमच्याकडे तासालाही धोंड्याचा महिना?’
खरंच की. ऑक्टोबरात वृद्धी, मार्चात क्षय.
फक्त अनारसे नाहीत, ओवाळायला जावई नाही,
आणि जादाच्या तासात कार्य काढू नये
हे ॲक्रॉइडला सांगणारं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी दीड दोनदा वाजला.
थकलेल्या भाड्याची पत्रं दोनदा निघाली.
दुसऱ्यावर बारा पौंड दंड,
कारण पहिल्याला उत्तर आलं नव्हतं
साठ मिनिटांत.
लॉकवुडच्या मिसेस हेग दोन्ही पत्रं घेऊन काउंटरवर आल्या.
चष्मा पुसला, पत्रं शेजारी शेजारी मांडली,
आणि अगदी साधेपणानं विचारलं,
‘यातल्या कुठल्याला घाबरायचं?’
मी तेव्हा प्रिंटरचे कागद न्यायला खाली आले होते.
कागद न घेताच वर गेले.

म्हणून आज एकेक ओळ उघडते.
दीड खोडते. तीन दहा लिहिते.
दीड खोडते. तीन दहा.
एकोणचाळीस वेळा, आणि मग पुन्हा वरून खाली,
गहू निवडल्यासारखी.

एक वाजतो. खाली कबाबवाला शटर ओढतो.
दीड. काही होत नाही.
एक एकोणसाठ, आणि मग
कुणी पाट सरकवावा तसा पुन्हा एक.
रस्त्यात कॉलेजची पोरं ओरडतात,
फुकटचा तास मिळाला म्हणून.
पुन्हा दीड.
काही होत नाही.
इतकं डोळ्यात तेल घालून
काहीच न होणं मी कधी पाहिलं नव्हतं.

तीन दहा. लॉग सरकू लागतो.
एकसष्ट पत्रं, प्रत्येक एकदाच.
छत्तिसावं: हेग, लॉकवुड. एकदाच!
मी मूठ आवळून हवेत उडवते,
आणि ती मूठ तिथेच राहते.

आनंद नक्की कशाचा झाला मला?
बाईंचं भाडं अजून थकलेलंच आहे.
मंगळवारी दाराच्या फटीतून पत्र पडेल,
एकच, बिनचूक, दंडाविना,
आणि कुठल्याला घाबरायचं
हे या वेळी विचारावं लागणार नाही.

लॅपटॉप मिटते.
ओव्हनवरचं घड्याळ अजून कालच्याच हिशेबात,
सव्वाचार दाखवतंय.
त्याला कुणी पत्रं पाठवायला सांगितलेली नाहीत.
राहू दे तसंच.