चालतंय

गुजरीच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर,
जिनगोंडा आण्णांच्या हिशेबी नाण्याच्या चारच प्रती:
कोरं. बरं. चालतंय. गेलं.

साठ वर्षं त्यांनी तांबं, चांदी, शिसं
या चार खणांत टाकलं,
कडेवरून अंगठ्याचं नख एकदा फिरवून
आणि फरशीवर वाजवून, कान देऊन.

मी म्हटलं, फोटोला नख लागत नाही, आण्णा.
फोटो वाजत नाही.
"मग तुझ्या यंत्राला काय डोंबल कळणार?"
म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

चार हजार दोनशे नाणी, छापा आणि काटा.
शिवराया, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे.
मी फोटो दाखवायचे, ते प्रत सांगायचे,
मधेच चहा, मधेच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.

पहिल्याच आठवड्यात यंत्र हुशार निघालं.
शंभरात ब्याण्णव बरोबर. मी सगळ्यांना भेळ आणली.
मग लक्षात आलं, आण्णा कोरी नाणी लाल मखमलीवर मांडतात,
गेलेली जुन्या वर्तमानपत्रावर.
मखमलीवर शर्टाचं बटण ठेवून बघितलं.
कोरं, म्हणालं यंत्र. खात्री नव्याण्णव टक्के.

आण्णांना हसून ठसका लागला.
"दिवाणखाना बघून जावई ठरवणारा बाप हाय हा."

पुन्हा सगळी नाणी, करड्या पुठ्ठ्यावर,
जिन्यातल्या उत्तरेच्या उजेडात.
या वेळी ते खरंच शिकलं:
कुठली झीज हातांची, कुठली मातीची,
कुठला ओरखडा कालचा.
आण्णांसारखंच बोलायला लागलं. चुकायचंही त्यांच्याचसारखं,
हे तेव्हा कळलं नाही.

फेब्रुवारीत डावा डोळा, मार्चमध्ये उजवा.
काळा चष्मा काढून ते आधी खिडकीबाहेर बघत राहिले.
"पत्र्याला निळा रंग कवा दिला?"
बारा वर्षं निळाच आहे, आण्णा.

मग ट्रेमधली एक शिवराई उचलली.
"ह्याला चिंच लावून घासलंय कुणीतरी. कोरं कोण म्हणलं?"
तुम्ही.
"कवा?"
नोव्हेंबरात.

त्या दिवशी दुकानात बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली सराफाची हातोडी तेवढी चालू होती.

डॉक्टरांनी काढून टाकलेला मोतीबिंदू
माझ्या लॅपटॉपमध्ये शाबूत होता,
अडीचशे एमबीचा.
घासलेलं तांबं त्याला अजून मऊ, जुनं, तपकिरी दिसत होतं,
अगदी गेल्या हिवाळ्यातल्या आण्णांना दिसायचं तसं.

नव्या डोळ्यांनी नवं शिकवू, म्हटलं. हे पुसून टाकते.
"थांब. पुसू नगंस."
कपाटातून लाल वही निघाली.
वहीत गिऱ्हाइकाचं नाव होतं, तारीख होती, रक्कम होती.
प्रत नव्हती. प्रत तोंडी सांगायची रीत.
"तवा मी काय म्हणलो आसंन, त्ये आता ह्येलाच ठाऊक."

व्हॉट्सॲपवर धाडलेले सगळे फोटो शोधून काढले.
एकेक फोटो आधी जुन्या नजरेला दाखवला, मग नव्या.
जिथे दोघांचं जमलं नाही, तिथे पेन्सिलीची फुली.
एकसष्ट फुल्या.
हुपरीचे दोघे, गडहिंग्लजची एक डॉक्टरीणबाई,
आणि निपाणीचे बाळगोंडा मास्तर,
ज्यांनी पेन्शनीतून एकच नाणं घेतलं होतं.

आण्णांनी पहिला फोन मास्तरांनाच लावला, उभ्यानंच.
"मास्तर, त्ये तुमचं नाणं. कोरं न्हवं.
माझी नजर गेलती. पैसं परत घ्या."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग मास्तर म्हणाले, स्पीकरवर मलाही ऐकू आलं,
"आण्णा, रोज बघतोय की मी त्येच्याकडं.
चालतंय."

आण्णांनी पेन्सिल घेतली, फुलीच्या शेजारी तेच लिहिलं,
आणि तरीही पाकिटात पैसे भरायला बसले.