पंपखोलीमागचा हादगा

वृक्षगणनेचा पोरगा टेप सोडवत म्हणाला,
"मावशी, हे झाड धरायचं का? नाव काय?"
हादगा, मी म्हटलं. आईकडे हेटा म्हणायचे.
त्याच्या मोबाइलमध्ये दोन्ही सापडेनात.
"इतर"वर बोट ठेवून तो थांबला.

कन्नमवार नगरात अशी झाडं कुणी मुद्दाम लावत नाही.
हे लावलं पंप चालवणाऱ्या तांडेलांनी.
मढच्या बहिणीकडून शेंग आणली, हातभर,
बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या
स्टीलच्या पेल्यात. पेला माझा.
अजून परत आलेला नाही.

विटांच्या चुऱ्यात, गटाराच्या कडेला
वर्षात पहिला मजला गाठला त्याने.
दुसऱ्या वर्षी माझ्या खिडकीत फुलं,
पांढरी, मिटलेल्या चोचीसारखी.
मधला दांडा काढून टाकायचा, नाहीतर भाजी कडू.
सत्तावीस नंबरच्या नव्या सुनेने तसाच घातला.
घरात कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांनी खाल्ली.
त्या दिवसापासून ते घर मला आवडतं.

मग पाइपलाइनसाठी खणलं
आणि मुळांवर दिसल्या गाठी, मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या.
सेक्रेटरी रेडकर म्हणाले, रोग आहे, काढून टाका.
तांडेलांनी एक गाठ नखाने फोडली.
आत गुलाबी, हिरडीसारखी.
"हवेतलं खत आहे हे, साहेब.
झाडाच्या गाठीशी एवढंच असतं.
पडलं की जमिनीला देऊन जातं."
शेजारच्या अळूची पानं सुपाएवढी का,
ते मला तेव्हा कळलं.

बावीस वर्षं कंत्राटावर होते तांडेल.
जाताना त्यांच्या गाठीशी काय होतं
ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.
शाल दिली, नारळ दिला, पंपाची चावी घेतली.

हादगा फार जगत नाही, ते सांगून गेले.
लाकूड हलकं, चुलीत नुसता धूर.
जाळ्याला तरंड म्हणून बरं,
पडला की मढला निरोप द्या.

पोराने शेवटी "इतर" दाबलं,
खोडावर ऑइलपेंटने आकडा काढला, ४१७,
आणि खाली एकच ओघळ.

दिवाळीपर्यंत खोड एवढं फुगलं
की सालीबरोबर आकडाही उकलला.
आता सात एकीकडे,
आणि चार हळूहळू
पंपखोलीच्या दाराकडे सरकतोय.