सतरा फूट

टोरोंटोहून ॲनाचा फोन.
ताटं नकोत, पंगत नको, रांग तर नकोच.
एकच लांब मेज, त्यावर सगळं पसरलेलं,
माणसांनी हिंडत हिंडत खायचं. ग्रेझिंग म्हणतात याला.
आई विळीवर नारळ खवत होती. तिला समजावलं.
म्हणाली, चरतात ती गुरं.
मग थोड्या वेळाने: किती गुरं?
एकशे चाळीस.

आन्सेल्माबाबांची ऐंशी वर्षं. एप्रिल अखेर. दिवाडी.
म्हणजे जे लागेल ते फेरीतून न्यायचं,
आणि परत आणायला जायचं नाही.

वहीत लिहिलं:
उंडे माणशी दोन, पोदेराला आठवडा आधी सांगणे.
चीज तीन किलो, जास्त नको,
उकाड्यात त्याला माझ्याआधी घाम फुटतो.
चोरिसांच्या माळा लुर्दिन्याकडून.
मी खात नाही, पण किती दिवसांचे ते नाकाला कळतं.
द्राक्षांच्या जागी करमलं. अंजिरांच्या जागी काय?
काजूची बोंडं खोडली, डाग पडतात.
पेराद, दोदोल, तळलेले गरे.
मानकुराद कापून की अख्खे, यावर दोन दिवस गेले.

सतरा फुटांचं मेज गावात कुणाकडेच नव्हतं.
कमील सुतार म्हणाला, दारं आहेत ना.
त्याने घराचीच दोन दारं बिजागऱ्यांतून उतरवली,
एक फळी जोडली, घोड्यांवर आडवी टाकली.
घोड्यांचे पाय पाण्याच्या डब्यांत, मुंग्यांसाठी.
आई केळीची पानं पुसत आली आणि थांबली.
कडीखालच्या खाचेवरून तिने अंगठा फिरवला.
हे मागचं, म्हणाली.
फेस्ताच्या दिवशी तिची आई, मुंडकारीण,
टोप घेऊन या दारापाशी उभी राहायची,
परकराला धरून ही.
मी म्हटलं, पान टाक. तिने टाकलं,
देठ नीट डावीकडे.

रायबंदरच्या धक्क्यावर बर्फाच्या तीन लाद्या चढल्या,
पलीकडे अडीच उतरल्या.
आधी वाडगे, मग पाव, मग उरलेल्या फटी.
रिकामी जागा दिसता कामा नये, ॲनाने बजावलं होतं.
मी फटींत सुरंगीचे वळेसर सोडले,
आणि चीजला सुरंगीचा वास लागला.
जाऊ दे.

पाच वाजता माणसं आली
आणि मेजाभोवती नुसती उभी राहिली.
फोटो काढले. पाद्रींनी आशीर्वाद दिला.
तरी कुणी हात लावेना.
पंगतीला पहिलं पान असतं,
याला सुरुवात कुठून, शेंडा कुठला?
एक बाई कानात विचारून गेली, हे खरं आहे ना?
मग आन्सेल्माबाबांनी काठी बगलेत धरली,
बरोब्बर मधलं एक करमल उचललं,
मिठात बुडवून कचकन चावलं.
तेवढं एक भगदाड.
खाजनाची मानस उघडावी तशी माणसं आत घुसली.

आई खांबाला टेकून. बाबांनी हाक मारली,
शेवंती, खा गो.
ती आली. मागच्या दाराच्या टोकाशी आली.
चोरीस नाही, चीज नाही,
एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, चघळलं,
बी पदरात काढून म्हणाली,
खारवलेला आवळाच की. परदेशी.
मग दोदोल. मग परत दोदोल.
मी पाहत राहिले, ती कुठल्या बाजूला उभी आहे,
दाराच्या आत की बाहेर,
पण दार झोपलेलं होतं
आणि मला कोकम सरबतासाठी बोलावलं.

रात्री कोयी, साली, चिकट पानं.
लाकडावर तेलाचा नकाशा.
कमील म्हणाला, उद्या बसवतो परत.
आईने चिंचेच्या पाण्याने फडकं भिजवलं,
पुढचं दार माझ्याकडे सरकवलं,
मागचं स्वतः घासायला घेतलं.

वहीत शेवटी:
उंडे अठरा उरले. गरे कमी पडले.
करमलं दुप्पट हवीत.
तेलाचा डाग निघाला नाही. ॲनाला सांगणे.